ट्रक घ्यावा की न घ्यावा? – एका ब्रेक-इव्हनची गोष्ट

तिसऱ्या वर्षाला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरात ब्रेक-इव्हनचा प्रश्न हमखास येतो. आठ मार्क पक्के! आपण फॉर्म्युला पाठ करतो, दोन रेषांचा ग्राफ काढतो आणि पेपर संपला की विसरून जातो. मीही विसरलो होतो. पण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत हाच प्रश्न घरात समोर आला आणि या वेळी पणाला लागलं होतं आमचं दोन एकर शेत.

माझा दादा आयटीआय झालेला. सहा वर्षांपासून वाळूज एमआयडीसीत दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले. पुढे शेंद्र्याला वसाहत झाली. कारखाने म्हटले की माल आला आणि माल म्हटला की गाडी आलीच. दादाचं म्हणणं एकच, "किती दिवस दुसऱ्याची गाडी हाकायची?" फायनान्सवाला तयार, शोरूमवाला तयार. डाउन पेमेंटसाठी शेत गहाण टाकायचं की नाही, एवढंच बाकी होतं. अण्णा मला म्हणाले, "तू इंजिनिअर होणार ना? मग मांड हिशोब."

आधी कागदपत्रं

ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय किमान २० लागतं. तिचं शिकाऊ लायसन काढायला हलक्या वाहनाचं लायसन निदान एक वर्ष जुनं हवं. ते झालं की दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी मात्र हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल, तर कायद्याने परमिटही लागत नाही. म्हणूनच 'छोटा हत्ती'वर सुरुवात करणारे इतके दिसतात. मोठ्या गाडीला परमिट हवं आणि राज्याबाहेर जायचं तर नॅशनल परमिट. पासिंग पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. शिवाय विमा, रोड टॅक्स, पीयूसी आणि फास्टॅग.

आता गणित

दादाच्या मनात सहा टायरची गाडी होती. आकडे आम्ही 'समजा' म्हणून धरले, तुम्ही आपले घाला. २० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, ५ वर्षं : हप्ता सुमारे ४३,००० रुपये. विमा, टॅक्स, परमिट, पासिंग यांची महिन्याची सरासरी ९,०००. आणि दादाचा स्वतःचा पगार १८,०००. हा पगार बरेच जण धरतच नाहीत! मग वर्षाअखेर वाटतं नफा झाला, प्रत्यक्षात ती आपलीच मजुरी असते. एकूण स्थिर खर्च महिना ७०,०००.

चल खर्च किलोमीटरमागे. डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज ५ धरलं तर १८ रुपये. टायर २, ऑईल-सर्व्हिसिंग-डीईएफ २, टोल आणि रस्त्याचा खर्च ५. एकूण २७.

वाळूज ते चाकण २३० किलोमीटर धरलं, जाऊन-येऊन ४६०. म्हणजे फेरीचा खर्च १२,४२०. जातानाचं भाडं समजा १४,०००. येताना गाडी रिकामी आली तर हातात राहिले १,५८०. सत्तर हजार भागवायला किती फेऱ्या? ४५! महिन्याचे दिवसच ३०. पण येताना ९,००० चं भाडं मिळालं तर हातात १०,५८० आणि ७ फेऱ्यांत काम झालं. गाडी तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. फरक फक्त परतीच्या मालाचा.

मी खूश होऊन म्हणालो, "दादा, सहा तास जायला, सहा यायला. महिन्यात २५ फेऱ्या सहज!"

दादा हसला. "तुझ्या वहीत गेट नाही का रे?"

मग त्याने सांगायला घेतलं. गेटवर नंबर लावायचा, काट्यावर वजन, बिल्टी, ताडपत्री बांधायची. तिकडे पोचलं तर स्टोअरचा माणूस जेवायला गेलेला. गाडी खाली झाली की परतीच्या मालासाठी दलालाच्या दारात बसायचं. गावातली नो एंट्री वेगळीच. एक फेरी अडीच दिवसांची. म्हणजे महिन्यात फेऱ्या १२.

निम्म्या वेळा परतीचं भाडं मिळतं असं धरलं. सरासरी ६,०८० फेरीला, आणि ब्रेक-इव्हन? १२ फेऱ्या! म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर जेमतेम बरोबरी. गाडी आठ दिवस गॅरेजला लागली की हप्ता अंगावर. डिझेल ५ रुपयांनी वाढलं आणि भाडं तेच राहिलं, की महिन्याला साडेपाच हजार गेले.

ग्राफमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

एक म्हणजे उधारी. काही पार्ट्या पोच मिळाल्यावर ४५ दिवसांनी पैसे देतात. हप्ता मात्र तारखेला जातो. अ‍ॅडव्हान्स मिळाला नाही तर तोवर नुसत्या रस्त्याच्या खर्चाला सव्वादोन लाख खिशात हवेत.

दुसरं, ओव्हरलोड. तोटा भरून काढायला माणूस चार टन जास्त टाकतो. २०१८ मध्ये दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली, पण त्यावर गेलं की २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड आणि जादा टनामागे २,००० वेगळे. ब्रेक आणि टायर झिजतात ते निराळंच.

तिसरं, ई-वे बिल. २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते. गाडी वाटेत पडली तर मुदत वाढवून घ्यावी लागते, नाहीतर माल अडकतो.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर सलग रस्ता, वेळ नक्की वाचतो. पण वाचलेल्या वेळेत फेरी वाढली तरच टोल परवडतो.

मग काय ठरलं?

शेत गहाण टाकलं नाही. दादा सध्या एका मालकाच्या सहा टायरवर पुणे लाइन करतोय. पगार आधीच्याच इतका, पण चाकण-रांजणगावकडून परतीचा माल कोण देतं, पैसे कोण वेळेवर देतं, हे तो वहीत टिपून ठेवतो. महिन्याला थोडे पैसे चालू खर्चासाठी बाजूला टाकतो. बारापैकी नऊ फेऱ्या भरून यायला लागल्या, की फायनान्सवाल्याकडे जायचं असं ठरलंय. अण्णांना हिशोब पटला. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, हेही खरं!

जाता जाता एक. आपल्यातले बरेच जण उद्या याच वाळूज-शेंद्र्यात स्टोअर नाहीतर डिस्पॅचला लागतील. गेटबाहेर गाडी दोन दिवस उभी दिसली, की हा लेख आठवा. त्या गाडीचा हप्ता उभ्या-उभ्या चालू असतो. तिचा नंबर दोन तास आधी लावून द्या. आठ मार्कांच्या उत्तरापेक्षा तेवढ्याने कुणाचं तरी गणित खरंच सुटेल.