आधी सरकारी गाडीच का?

प्रश्न : मी अंबड तालुक्यातला शेतकरी. थोडा ऊस असतो, खरिपात मका असतो. माझी मोटारसायकल २०१४ची आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांच्याही पुढे नेणार असं कानावर येतं. परदेशात म्हणे असं इंधन आधी सरकारी गाड्यांत भरून बघतात आणि त्यालाही परवानगी घ्यावी लागते. सरकारला स्वतःच्याच गाडीसाठी परवानगी कशाला? आणि आपल्या जालन्यात असा प्रयोग करता येईल का?

उत्तर : गाडी सरकारची असली तरी तिचा धूर सगळ्यांच्या नाकात जातो, म्हणून परवानगी लागते. कोणतंही नवं मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून घ्यावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६वा नियम तो हाच. ही तपासणी ठरावीक इंधनावर झालेली असते. टाकीत दुसरंच काही ओतलं की त्या प्रमाणपत्राचा आधार सुटतो.

तुम्ही ऐकलंत ते बहुधा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचं. आपल्या भोकरदन-जाफराबादसारखाच मक्याचा मुलूख, फक्त अफाट मोठा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे साध्या गाडीत १५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं, तेही २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत. राज्याला ३० टक्के करून बघायचे होते. त्यासाठी त्यांनी केंद्राच्या पर्यावरण संस्थेची रीतसर मंजुरी मिळवली आणि राज्याच्या मालकीच्या सुमारे ५० गाड्या वर्षभर रोजच्या कामावर पळवल्या. काही गाड्या ३० टक्क्यांवर, काही १५वर. नोंदी नेब्रास्का विद्यापीठाने तपासल्या.

काही गाड्या १५वर का ठेवल्या, हे जालन्याच्या माणसाला सांगायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांचा. नव्या वाणाशेजारी जुन्या वाणाची ओळ लावल्याशिवाय नव्याची पारख होत नाही, हे आपल्या बांधावरचं ज्ञान आहे. सरकारी गाडी अशा प्रयोगाला सोयीची पडते ती याच कारणाने. तुलनेला नोंदी लागतात, आणि तिचं लॉगबुक असतं. किती किलोमीटर पळाली, किती लिटर भरलं, दुरुस्तीला कधी गेली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. खाजगी मालक कधी या पंपावर भरतो, कधी त्या, आणि बिघाड झाला तर नुकसान त्याच्या खिशातून जातं.

नेब्रास्कात निष्कर्ष निघाला की गाड्यांच्या संगणकाने ३० टक्क्यांशी जुळवून घेतलं. त्यामागचं कारण तुमच्या मोटारसायकलच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे इथेनॉल वाढलं की त्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजनचा सेन्सर बसवलेला असतो. तो संगणकाला खबर देतो आणि संगणक इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला ही खबर पोचत नाही. त्याचं जेट जेवढं, तेवढंच इंधन. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा दुचाकींत इंजेक्शन सर्रास झालं. त्याआधीच्या बहुतेक मोटारसायकली, बहुधा तुमचीही, कार्ब्युरेटरच्याच. त्यामुळे परदेशातल्या मोटारींचा निकाल तुमच्या गाडीला लावता येत नाही.

आपल्याकडे प्रयोग झालेच नाहीत असं नाही. २००१ मध्ये पाच टक्क्यांचे तीन पथदर्शी प्रकल्प झाले. त्यातले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. मनमाडजवळच्या पानेवाडीचे डेपो मराठवाड्याला पेट्रोल पुरवतात, म्हणजे हा इतिहास आपल्या रेल्वेमार्गावरचाच. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के आलं. नागपुरात २०१४ मध्ये ९५ टक्के इथेनॉलवरची बस चालवून पाहिली आणि २०१६च्या अखेरीस तिथे तशा बसगाड्यांची सेवाच सुरू झाली. त्यांचं इंजिन मुळातच त्या इंधनासाठी बांधलेलं होतं. ती सेवा २०१८ मध्ये थांबली ती पैशांच्या वादातून. जून २०२१ मध्ये पुण्यात तीन ठिकाणी ई-१०० चे (‘ई’पुढचा आकडा इथेनॉलच्या टक्क्यांचा) पंप प्रायोगिक म्हणून उघडले.

त्यानंतर मात्र वेग फार वाढला. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पंपावर आलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के गाठल्याचं केंद्राने जाहीर केलं. पूर्णपणे ई-२० ला जुळवलेल्या गाड्या बाजारात येत होत्या तोवर जुन्या गाड्यांच्या टाकीत तेच पेट्रोल पडू लागलं होतं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. नीती आयोगाच्या इथेनॉलविषयीच्या आराखड्यातच लिहिलं आहे की इथेनॉलविना चालण्यासाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या दुचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर ३ ते ४ टक्के घटेल, चारचाकीचं ६ ते ७. लिटरला ६० जाणारी गाडी ५८वर येईल. ई-३० मध्ये ई-२० पेक्षा आणखी सुमारे चार टक्के उष्णता कमी असते.

आता जालन्याचं. जिल्हाधिकारी किंवा राज्य सरकार आपल्या अधिकारात गाड्यांत ई-३० भरू शकत नाही. इंधनाचा दर्जा भारतीय मानक ब्यूरो ठरवतं (ई-२० साठी आयएस १७०२१), आणि साठवणुकीवर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची देखरेख असते. दार अगदीच बंद आहे असंही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम २ब आलं. संशोधनासाठी काही प्रकारच्या वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्राला त्याने मिळाला. राज्याने प्रस्ताव करून केंद्राकडे जावं, हा रस्ता आहे.

तो राज्याने धरावा असं मला मनापासून वाटतं. जालना त्यासाठी चांगला जिल्हा आहे. इथला उन्हाळा कडक, तालुक्यांमधली अंतरं लांब, आणि मका घरचा. एक टन मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघतं. २०२३-२४च्या हंगामात मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये भाव होता, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१. उसाचं इथेनॉल एक लिटर मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असा हिशेब नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात आहे. २०१२-१३ मध्ये टँकरमागे धावलेल्या जिल्ह्याला हा आकडा विसरून चालणार नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर तुमच्या भागातला ऊस उभा आहे, म्हणून हे तुम्हाला आवर्जून सांगतो.

पण प्रयोगात नुसत्या साहेबांच्या नव्या गाड्या नकोत. वनरक्षक, पोलीस, आरोग्य कर्मचारी ज्या दुचाकींवर फिरतात त्यातल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या हव्यात, आणि दर महिन्याच्या नोंदी लोकांना वाचायला मिळायला हव्यात. त्याशिवाय वीसच्या पुढे जाऊ नये.

तोवर तुमच्या गाडीसाठी सांगतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी भरून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका. रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे वॉशर आणि पेट्रोलचा फिल्टर मृगाच्या आधी मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या. आणि टाकी भराल तेव्हा तारीख, लिटर आणि किलोमीटर वहीत लिहीत जा.