ईस्टरचीं अंडीं : शब्बाथशाळेच्या शिक्षकांकरितां

ईस्टर जवळ आला कीं, खेड्यापाड्यांतील शिक्षक व शिक्षिका आम्हांस विचारतात, मुलांकडून थर्माकोलचीं अंडीं घरांतल्याच जिनसांनीं कशीं सजवून घ्यावीं? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्यांत मुलांचें मन गुंतलेलें असतें, म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमच्याच हातून घडलेली चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहानशा मंडळींत आम्हीं मुलांस अशीं अंडीं वाटलीं, आणि रंग लवकर वाळावा म्हणून फवाऱ्याच्या डब्यांतील रंग आणविला. पहिल्या अंड्यावर रंग पडतांच त्याला खळगे पडूं लागले, आणि पाहतां पाहतां तें मेणासारखें आंत बसलें. ज्या मुलीचें तें होतें ती रडूं लागली. दोष सर्वस्वीं आमचा होता. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकचे वाफेनें फुगविलेले दाणे. त्यांत जवळजवळ सारी हवाच असते. अशा रंगांतील द्रावक, टर्पेंटाइन, पेट्रोल, नखांचा रंग काढण्याचें पाणी, हीं सर्व त्यास विरघळवितात. याकरितां रंग व चिकी पाण्यांत मिसळणारींच घ्यावीं.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र सरकारनें 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनें सजावटीसाठीं थर्माकोल वापरण्यास मनाई केली. थर्माकोल मातींत कुजत नाहीं, आणि जाळल्यास काळाकुट्ट धूर होतो. म्हणून आमचें मत असें कीं, नवीं अंडीं विकत घेऊंच नयेत. पूर्वीचीं जीं पेटींत पडलीं असतील तीं उकिरड्यावर न टाकितां त्यांवर कागद चढवून वर्षानुवर्षें जपावीं. जेथें तीं नाहींत तेथें आपल्या आजीबाई टोपलीं लिंपण्याकरितां करीत तोच लगदा करावा : रद्दी कागद रात्रभर भिजत घालावा, भिजविलेल्या मेथ्यांसह कुटावा, अंड्याचा आकार देऊन सावलींत वाळवावा. पुढील सजावट दोहोंची एकच.

गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवून तींत वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या भिजवाव्या व अंड्यावर दोन थर चढवावे. खराट्याचा हीर खालून टोंचून त्याचें दुसरें टोंक वाळूच्या मडक्यांत खोंवावें, म्हणजे अंडें कोठें न टेकतां वाळतें. मग रंग. पांढऱ्याकरितां खडूची पूड, तांबड्याकरितां गेरू, पिवळ्याकरितां हळद, हीं खळींत कालवावीं. हळदींत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकिला कीं ती तांबूस होते, आणि लिंबाचा थेंब पडतांच पुन्हां पिवळी. हा चमत्कार पाहून मुलें आनंदानें ओरडतील, त्यांस ओरडूं द्यावें. चुन्यानेंही तोच रंग येतो, पण चुना डोळ्यांस घातक असल्यामुळें तो मुलांच्या हातीं देऊं नये. कांद्याच्या वाळक्या साली सपाट चिकटविल्या तर तांब्याच्या भांड्यासारखी छटा येते. शिंप्याच्या चिंध्या, जुन्या लुगड्याचा कांठ, उरलेली लोकर, हेंही चालेल.

पुष्कळ पुस्तकांत डाळतांदूळ चिकटविण्यास सांगितलेलें असतें. ज्या घरीं डाळ पावशेरानें येते तेथील मुलाकडून ती अंड्यावर चिकटवून घेणें आम्हांस रुचत नाहीं. शिवाय उंदीर व मुंग्या ती ईस्टरपर्यंत टिकूं देत नाहींत. त्याऐवजीं चिंचोके किंवा कलिंगडाच्या बिया घ्याव्या. गुंजा मात्र कधींही आणूं नयेत. त्यांचा लाल-काळा रंग मुलांस मोह घालितो, पण त्यांत प्राणघातक विष असतें, आणि लहान मूल हातांतली वस्तु तोंडांत घालतेंच.

हात चालूं असतां मुलें विचारतीलच कीं, अंडेंच कां? इ.स. 692 मध्यें कॉन्स्टंटिनोपल येथील धर्मसभेनें लेंतच्या उपवासांत अंडीं व चीज खाण्यास मनाई केली. कोंबड्यांस उपवास ठाऊक नाहीं. त्या अंडीं घालीतच राहिल्या, आणि ईस्टरच्या दिवशीं घरोघरीं अंड्यांची रास पडूं लागली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 च्या हिशेबांत अशा 450 अंड्यांकरितां 18 पेन्स मांडलेले आहेत. तीं रंगवून व सोन्याचा वर्ख लावून वाटावयाचीं होतीं. पूर्वेकडील मंडळ्या प्रभूच्या रक्ताची आठवण म्हणून अंडीं तांबडीं रंगवितात. कवच हें कबर, आणि तें फोडून बाहेर येणारें पिलूं हें जीवन, असा त्याचा अर्थ लावितात.

आतां थर्माकोलच्या अंड्यांत ना कवच, ना पिलूं. हें लपवूं नये. शिक्षकानें सजविलेल्या अंड्यांशेजारीं एक खरें अंडें ठेवावें, आणि मुलांनीं दोन्हीं हातांत घेऊन पाहावीं. कोणत्यांत कांहीं आहे, हें तींच सांगतील. आमच्या त्या रडलेल्या मुलीनें पुढील वर्षीं खरें अंडें कानाशीं धरून बराच वेळ ऐकलें होतें.

सण झाल्यावर हीर काढून अंडीं जुन्या कापडांत गुंडाळावीं, आणि कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासह पेटींत ठेवावीं. पावसाळ्यांत एकदां ऊन पडतांच तीं बाहेर काढून पाहावीं; खळीस बुरशी फार लवकर धरते.