उन्हाळी परसबागेची पूर्वतयारी

माघ सरत आला की थंडी ओसरू लागते, विहिरीचे पाणी एकेक पायरी खाली जाते आणि परसातील मेथी-पालक फुलावर येऊन निबर होतात. बहुतेक घरांतील परसबाग याच सुमारास मोडते, ती पुन्हा मृगाच्या पावसावरच उभी राहते. चैत्र-वैशाखात भाजी महाग असते आणि नेमकी त्याच दिवसांत मुलांच्या ताटातून हिरवी भाजी नाहीशी होते. पाण्याची टंचाई हे याचे कारण सांगितले जाते; ते खरे आहे, पण अर्धेच. पुष्कळ ठिकाणी बी पेरण्यास उशीर झालेला असतो. फाल्गुनाच्या अखेरीस लावलेला वेल जमीन झाकण्यापूर्वीच कडक उन्हात सापडतो. म्हणून पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उरकावी. जेथे रात्री फार गार असतात तेथे फेब्रुवारी उजाडू द्यावा, कारण गारठ्यात वेलवर्गीय भाज्यांचे बी नीट उगवत नाही.

प्रथम हरळी काढावी. शहरातील बंगल्यांपुढे हिरवळीसाठी जी पैसे मोजून लावतात, तीच हरळी परसात वैरीण ठरते. कुदळीने तिचे तुकडे करू नयेत. प्रत्येक तुकड्याला पुन्हा फूट येते. माती खोलवर सैल करून काशा हाताने वेचाव्यात व उन्हात वाळवाव्यात.

खताच्या बाबतीत घाई हीच मोठी चूक होय. कच्च्या शेणाने वाळवी लागते. कुजलेले खत हातात घेतले असता गार, काळसर व भुसभुशीत लागते आणि त्याला शेणाचा वास येत नाही. असे खत गुंठ्याला दोनशे ते अडीचशे किलो पुरते.

पावसाळ्यात गादीवाफे योग्य. उन्हाळ्यात मात्र वाफे सपाट, जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे खोल असावेत, म्हणजे दिलेले पाणी जागीच मुरते. दुधी, दोडका, कारले यांसाठी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन आठवडाभर तापू द्यावेत, नंतर माती व खताने भरावेत. कारल्याचे बी टणक असल्याने चोवीस तास भिजवून लावावे. खड्ड्यात तीन-चार बिया टाकून जोमदार दोनच रोपे ठेवावीत. वेल मांडवावर चढले की त्यांच्या सावलीत कोथिंबीर व अळू उन्हाळ्यातही तग धरतात. पाणी फारच थोडे असल्यास इतर भाज्यांचा मोह टाळून गवार घ्यावी; पुसा नवबहार ही जात यासाठी चांगली आहे. भेंडीत पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसताच उपटावे. हा रोग पांढऱ्या माशीमार्फत शेजारच्या झाडांवर जातो.

न्हाणीचे व भांडी घासल्याचे पाणी वाया घालवू नये. परंतु आजच्या कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी वारंवार दिल्यास काळी जमीन कठीण होते, म्हणून ते केळी-कर्दळीकडे वळवावे व पालेभाज्यांवर टाकू नये. वाफ्यावर दोन-तीन बोटे जाडीचा पाचटाचा थर द्यावा.

मांडवाचे वेल प्रथम नरफुले देतात व ती गळतात. अशा वेळी घरधनीण घाबरून वेल उपटते. फुलाच्या पाठीशी लहानसे फळ असेल तर ते मादीफूल होय. त्याची वाट पाहावी. दुधी व दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात. मधमाश्यांचा वावर कमी असल्यास त्याच वेळी नरफूल तोडून त्याचे परागकण मादीफुलाला हाताने लावावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्यक्ष वेलावरच दाखवावी, कारण चुलीपुढे बसून ऐकलेले दोडक्याच्या फुलाशी जुळत नाही.