फुलपाखरांची शरीररचना, पंखांचा आकार आणि उड्डाण

कोरेगाव तालुक्यात खरिपातील वाघ्या घेवडा फुलावर आला की शेतात निरनिराळी फुलपाखरे भिरभिरू लागतात. ती दिसताच काही शेतकरी पाठीवर पंप घेतात, तर काही जण "फुलपाखराने काय बिघडते?" म्हणून दुर्लक्ष करतात. दोन्हींत नुकसान आहे. फुलपाखराची ठेवण आणि उडण्याची पद्धत समजली, तर ओळख पटविणे सोपे जाते.

शरीराची ठेवण : फुलपाखराच्या शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग असतात. चारही पंख छातीला जोडलेले असून उडण्याचे स्नायूही छातीतच असतात. छाती जाड व पोट आखूड असल्यास फुलपाखरू वेगाने उडते व चटकन वळते. छाती बारीक व पोट लांब असल्यास उड्डाण संथ होते. हे स्नायू गरम झाल्याशिवाय नीट चालत नाहीत. म्हणून सकाळी फुलपाखरे पंख पसरून ऊन खात बसतात.

पंखांचा आकार : शरीराच्या मानाने पंख रुंद असतील तर फुलपाखरू तरंगत जाते. पंख लहान व शरीर भरीव असेल तर ते जलद फडफडावे लागतात. पुढचे पंख उडण्यासाठी, तर मागचे मुख्यतः झटकन वळण्यासाठी उपयोगी पडतात. मागचे पंख काढल्यावरही फुलपाखरे उडतात, परंतु पूर्वीसारखी वळू शकत नाहीत, असे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

शिवारातील तीन फुलपाखरे :

१) रुईवरील केशरी फुलपाखरू : शरीर बारीक, उड्डाण संथ. अळी रुईची पाने खाते व त्यातील विष अंगात साठविते. पक्षी टाळतात, त्यामुळे याला पळण्याची घाई नसते. पिकास उपद्रव नाही.

२) लिंबावरील काळे-पिवळे फुलपाखरू : छाती भरीव, उड्डाण वेगवान. मादी कोवळ्या पालवीवर फडफडत एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. रोपवाटिकेत व लहान झाडांवर जास्त नुकसान करते.

३) शेंगांवरील निळे फुलपाखरू : आकाराने लहान, मागच्या पंखांना बारीक शेपट्या व त्यांच्याजवळ काळे ठिपके. झटके घेत वेगाने उडते. मादी कळ्या-फुलांवर अंडी घालते. अळी कळ्या व शेंगा पोखरते. घेवडा, वाल, तूर, चवळी या पिकांत लक्ष ठेवावे लागते ते याच्यावर.

काय करावे? : प्रौढ फुलपाखरू पीक खात नाही, मुख्यतः फुलांतील मध पिते. नुकसान अळी करते. म्हणून केवळ फुलपाखरे दिसली म्हणून फवारणी करू नये. ऊन पडल्यावर शेतात फेरी मारावी व फुलपाखरू कोठे टेकते, अंडी कोठे घालते ते पाहावे. तेथील कळ्या, शेंगा, पालवी तपासावी. अळ्या थोड्या असल्यास वेचून नष्ट कराव्यात. सुरुवातीच्या अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करावी, म्हणजे मधमाश्यांना त्रास होत नाही.

उड्डाण पाहून फुलपाखरू ओळखावे. फवारणीचा निर्णय मात्र कळी उघडून पाहिल्यावरच घ्यावा.