शिसें आणि युरोपांतील कायदे

ज्या लेखणीस आपण शिसपेन्सिल म्हणतों तींत शिसें मुळींच नसतें. असतें तें ग्राफाइट, म्हणजे कर्बाचा एक प्रकार. उलट, ज्यांच्या नांवांत शिशाची खूणहि नाहीं अशा नळांत, रंगांत व दागिन्यांत तें आढळतें. पाण्यांत उतरलेलें शिसें डोळ्यांस दिसत नाहीं कीं जिभेस कळत नाहीं.

शिसें मऊ असून सहज वांकतें. म्हणून रोमन लोकांनीं त्याचे नळ केले. तथापि मातीच्या नळांतील पाणी अधिक हितकर, असें व्हिट्रूव्हियस या रोमन शिल्पशास्त्रज्ञानें इसवी सनापूर्वी पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. हा इशारा लोकांनीं मनावर घेतला नाहीं, कारण हें विष सावकाश काम करतें. शरीर शिशास कॅल्शियमप्रमाणेंच हाडांत सांठवितें व तेथून तें वर्षानुवर्षें रक्तांत उतरत राहतें. लहान मुलांचें शरीर तें मोठ्यांपेक्षां अधिक शोषून घेतें आणि त्यांच्या वाढत्या मेंदूस अपाय होतो.

१९८० सालच्या युरोपीय निर्देशानें एक लिटर पाण्यांत ५० मायक्रोग्रॅम शिसें ही मर्यादा घातली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. १९९८ च्या निर्देशानें ती १० वर आणण्यास २०१३ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. आणि २०२० च्या निर्देशाप्रमाणें १२ जानेवारी २०३६ पर्यंत ती ५ वर यावयाची आहे. इतका अवधि कां लागावा? शिसें बहुधा नदीच्या पाण्याबरोबर येत नाहीं; तें जुन्या घरांच्या नळांतून, सांध्यांच्या डाखांतून व पितळी तोट्यांतून पाण्यांत उतरतें. भिंतींतील व जमिनीखालील नळ बदलण्यास पैसा व काळ दोन्ही लागतात.

वस्तूंचेंहि तसेंच. १९२१ सालीं जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतील रंगकामांत शिशाचा सफेता वापरण्याविरुद्ध करार केला. पुढें युरोपीय संघानें, कांहीं अपवाद सोडून, २०१३ पासून दागिन्यांत व २०१६ पासून मूल तोंडांत घालूं शकेल अशा वस्तूंत शिशाचें प्रमाण शेंकडा ०·०५ हून कमी असावें असा नियम केला.

मग ५ मायक्रोग्रॅम निर्धास्त समजावें काय? युरोपच्या अन्न-सुरक्षा संस्थेनें २०१० सालीं असा निष्कर्ष काढला कीं, ज्याच्या खालीं मुलांच्या मेंदूस अपाय होत नाहीं असें प्रमाण दाखवितां येत नाहीं. तेव्हां कायद्यांतील आंकड्यावरून समाजास त्या वेळीं किती करणें झेपलें एवढेंच कळतें. आणि वाढतें मूल तर कोणत्याच मुदतीसाठीं थांबत नाहीं.

म्हणून जेथें जुने शिशाचे नळ आहेत तेथील पालकांनीं ते बदलून घ्यावे. तोंवर रात्रभर नळांत सांचलेलें पाणी सकाळीं प्रथम वाहूं द्यावें आणि पिण्यास व स्वयंपाकास थंड नळाचेंच पाणी घ्यावें, कारण ऊन पाण्यांत शिसें अधिक विरघळतें. उकळल्यानें जंतु मरतात. शिसें मात्र पाण्यांत तसेंच राहतें.