हात कुठल्या मशीनवर आहे?

पुण्यात घरच्या १० बाय १०च्या खोलीत बसून मी प्रोग्रॅमिंग करतो आणि काही ग्राहकांचे सर्व्हर सांभाळतो. लिनक्सचा डेस्कटॉप, ऑफिसचा लॅपटॉप आणि चाचण्यांसाठी एक जुनं मशीन, एवढा पसारा. त्याची मांडणी चार वेळा मोडली, आणि दर वेळी काहीतरी बिघडल्यावरच मोडली.

१. चालू सर्व्हर रंगावरून ओळखता यायला हवा. एका रात्री दोन मॉनिटरवर दोन काळी टर्मिनल उघडी होती. डावीकडे चाचणीचं मशीन, उजवीकडे ग्राहकाचा चालू सर्व्हर. डोळे डावीकडे आणि कर्सर उजवीकडे, अशा अवस्थेत मी रीबूट दाबलं. त्या दुकानाची बिलं काही मिनिटं थांबली. दुसऱ्या दिवशी मालकांना फोन करून माफी मागितली, तो फोन अजून आठवतो. तेव्हापासून चालू सर्व्हरच्या टर्मिनलला गडद लाल पार्श्वभूमी, आणि त्याची जागा कायम उजव्या मॉनिटरवर. डेबियनवर ‘मॉलीगार्ड’ नावाचं छोटं पॅकेजही टाकलं. एसएसएचवरून मशीन बंद किंवा रीबूट करायला गेलं, की ते आधी त्या मशीनचं नाव टाइप करायला लावतं. नाव चुकलं तर काहीच होत नाही. मॉली ही एका प्रोग्रॅमरची चिमुरडी मुलगी. तिने आयबीएम ४३४१ या मेनफ्रेमचं मोठं लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबलं, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं झाकण बसवावं लागलं, अशी या नावामागची गोष्ट सांगतात.

२. नाकासमोर एकच मॉनिटर. दोन सारखे मॉनिटर जोडून ठेवले, तर त्यांच्यामधली फट बरोबर समोर येते आणि मान दिवसभर एका बाजूला वळलेली राहते. माझा उजवा खांदा वर्षभर दुखत होता. आता कोड समोर, लॉग बाजूला.

३. मॉनिटर घेण्याआधी टेबलाची खोली मोजा. मी ४३ इंची फोर-के मॉनिटर घेतला. हिशेबाने तो साडेएकवीस इंची चार फुल एचडी पडद्यांएवढा, आणि मध्ये फट नाही. पण तो जवळपास ९५ सेंटिमीटर रुंद, आणि माझं टेबल दोन फूट खोल. कोपरे बघायला मान फिरवावी लागे. शेवटी सुतारकाकांकडून १९ मिलिमीटर प्लायवूडचं अडीच फूट खोल टेबल करून घेतलं आणि मॉनिटर भिंतीला टांगला. वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या जराशी खाली ठेवली. तयार टेबलाच्या भुशाच्या फळीवर मॉनिटरच्या आर्मचा क्लॅम्प आवळू नका, फळी दबते.

मराठी मजकूर रोज हाताळणाऱ्यांनी पिक्सेलच्या दाटीकडेही बघावं. २४ इंची फुल एचडीवर इंचाला ९२ पिक्सेल येतात. त्यात बारीक अक्षरातला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, ‘र्थ’ आणि ‘र्थं’ यांतला फरक नजरेतून निसटतो. ३२ इंची फोर-केवर तेच १३८ होतात. मराठी अ‍ॅपची प्रुफं आता मी बाजूच्या ३२ इंचीवरच वाचतो.

४. कीबोर्ड-माऊसची जोडी एकच. त्यासाठी कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरवणारा केव्हीएम स्विच घेतला, तो स्वस्तातला निघाला. त्यात एचडीएमआय १.४ होतं, म्हणजे फोर-के सेकंदाला ३० चित्रांवर अडकलं आणि कर्सर ओढल्यासारखा चालू लागला. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल, तर ६० मिळतात.

५. चाचणीचं मशीन पायाशी नको. पंख्याचा आवाज आणि गरम हवा दोन्ही छळतात. ते बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं, मधे लॅनची केबल टाकली. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड.

६. यूपीएसवर सगळं लादू नका. माझ्याकडे त्यावर राऊटर, डेस्कटॉप, पॅसेजमधलं मशीन आणि फक्त समोरचा मॉनिटर आहे. यूपीएसची यूएसबी केबल डेस्कटॉपला जोडून त्यावर ‘नट’ म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स बसवलंय. बॅटरी संपत आली, की आधी पॅसेजमधलं मशीन रीतसर बंद होतं, मग डेस्कटॉप. पावसाळ्यात वीज गेली, की बाजूचे पडदे काळे होतात. तेव्हा मी लाल टर्मिनल समोरच्या मॉनिटरवर ओढून घेतो आणि हातातलं काम सेव्ह करतो.