कोठीतील पोत्यांचा क्रम

नागभीड हा चंद्रपूर जिल्ह्यातील धानाचा तालुका असून येथील शाळांत पोषण आहार शिजवणारे स्वयंपाकघर मुख्यतः तांदळावर चालते; अशा कोठीत धान्य वाया जाते ते पुष्कळदा पोती चुकीच्या क्रमाने उघडल्यामुळे, असा कोठी सांभाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

प्राथमिक वर्गांसाठी विद्यार्थ्यामागे रोज 100 ग्रॅम तांदळाचे प्रमाण असल्याने 80 मुलांना दिवसाला 8 किलो लागतो आणि 50 किलोचे पोते सहा दिवस पुरते. साठा नोंदवही, म्हणजे आवक, खर्च व शिल्लक रोज लिहिण्याची वही, हा हिशेब चोख सांगते. मात्र कोणते पोते केव्हा आले, हे तिच्यात नसते. नवी पोती दाराशी रचली जातात, हाताशी म्हणून तीच आधी सुटतात आणि भिंतीलगतची जुनी तशीच राहतात, तरीही शिल्लक बिनचूक जुळते. (तपासणीला येणारेही बहुधा वही आधी मागतात आणि कोठीत नंतर डोकावतात.)

सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व भोक बुजवते; अळी दाण्यातच वाढते आणि उबदार हवेत सुमारे महिनाभराने किडा बाहेर पडेपर्यंत तांदूळ वरून स्वच्छ दिसतो. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडत असल्याने सुट्टीत बंद राहिलेली कोठी आधी चंद्रपूरचे ऊन आणि मग पहिल्या पावसाची ओल सोसते, म्हणून एप्रिलअखेर शिल्लक शक्य तितकी कमी ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

पोत्यावर आवकेची तारीख ठळक लिहावी, आधी आलेले आधी वापरावे, पोती लाकडी फळ्यांवर भिंतीपासून हातभर दूर रचावीत, आणि पिंपातील जुना तांदूळ संपवून पिंप पुसल्याशिवाय त्यात नवा ओतू नये, कारण तळाशी उरलेली मूठभर कीड नव्या पोत्यालाही पुरते. महिन्यातून एकदा वही बाजूला ठेवून प्रत्यक्ष वजन करावे.

धानपट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधे असतात, त्यामुळे त्यांचे रिकामे डबे तेलासाठी किंवा डाळीसाठी कोठीत कधीही येऊ देऊ नयेत. बिहारमधील गंडामन येथे 16 जुलै 2013 रोजी शाळेतील जेवणातून 23 मुले दगावली, आणि त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते.